तक्त्यातले आबा

मी पाटकरी होतो. कालव्याच्या पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ मोजपट्टीवर बघायची, वहीत लिहायची आणि ज्याची पाळी असेल त्याच्या रानाकडं जाणाऱ्या चारीला पाणी सोडायचं, हे माझं काम. अंथुर्ण्याच्या अलीकडे कालव्याच्या कडेला दोन खोल्यांची चौकी होती, तिथंच आम्ही राहायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि त्या वर्षी माझं बोलणं बंद झालं. भांडण नाही, दुखणं नाही, घरातलं कुणी गेलं नाही. सकाळी जाग आली की छातीवर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं, आणि उठायचं कशाला हा एकच प्रश्न मला दुपारपर्यंत पुरायचा. मोजपट्टी चौकीपासून शंभर पावलांवर. ती शंभर पावलंही होईनात तेव्हा मी अंथरुणातूनच आकडे लिहायला लागलो. कालचा आकडा घ्यायचा, त्यात इंचभर इकडंतिकडं करायचं. कुणाच्या बापाला कळलं नाही.

बायकोला माझं मौन मात्र सोसेना. चार महिने तिनं काढले, मग पोरीला घेऊन ती मोरगावला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "तुमी मारत असता तर भावाला सांगितलं असतं. न बोलणाऱ्या मानसाचं गाऱ्हाणं कुणापुढं मांडू? बरं व्हा. शाळा उघडायच्या आत बरं झालात तर यीन, न्हायतर पोरीचं नाव तितंच घालते." फाट्यापर्यंत सोडायला गेलो, तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पोरीनं एस.टी.च्या खिडकीतून हात केला. मी हात वर केला की नाही, आज आठवत नाही, आणि याची लाज वाटते.

आधी गोळ्या घेऊन पाहिल्या होत्या. गोळ्या वाईट नव्हेत, कितीजणांना त्यांनी उभं केलंय. पण मला गुंगी यायची, आणि एकदा गेटचं चाक फिरवताना तोल जाऊन मी अर्धा पाण्यावर लोंबकळलो. पाण्याच्या कडेला पोट भरणाऱ्याला अशी गुंगी परवडत नाही. मग कळलं की पुण्याचे एक तरुण डॉक्टर दर बाजारच्या दिवशी बारामतीला येतात, आणि बिनगोळ्यांचा उपाय करतात.

त्यांच्याकडे एक कॉम्प्युटर आणि वायरींचं भेंडोळं होतं. न्यूरोफीडबॅक म्हणायचे ते, मी आपला मशीन म्हणायचो. डोक्याला चिकट मलम लावून वायरी बसवायच्या, कानाला चिमटा लावायचा, आणि पडद्यावरच्या रंगीत पट्टीकडे बघत बसायचं.

"आम्ही मेंदूत काही घालत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मेंदूची लय तुम्हालाच दाखवतो. हवी तशी जुळली की घंटी वाजेल. हळूहळू मेंदू ती लय शिकतो. फक्त मुद्दाम वाजवायला जाऊ नका."

मी मुद्दाम वाजवायला गेलो. वीस मिनिटांत ती तीनदा वाजली, त्यातली एकदा मी शिंकलो म्हणून.

निघताना त्यांनी एक तक्ता दिला. रोजचा भरायचा. झोप किती, जेवण किती, मनाला दहापैकी गुण किती, आणि शेवटचा रकाना: आज कोणाशी बोललात? काय बोललात?

आठवडा कोरा गेला. बाजारच्या दिवशी सकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत मी सातही दिवस भरून टाकले. आकड्यांचं काय, हात बसलेला होता. आज दोन, परवा तीन. पण शेवटच्या रकान्यात आकडा चालेना. मग लिहिलं, 'एक मेंढपाळ आबा. मेंढरं पाण्यावर आणली होती. पावसाचं बोललो.'

डॉक्टरांचा चेहरा असा खुलला की मला वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तक्ता हातात घेतला आणि पहिल्यांदा आबांचीच चौकशी केली. मग आबांना सुट्टी कशी देणार? आबा रोज मेंढरं घेऊन यायला लागले. त्यांचा गुडघा दुखायला लागला, त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली. खरं सांगायचं तर मला त्यांची सवय लागली. दिवसभरात तेवढंच काय ते मी मन लावून करायचो. आबा काही बोलले की मीही काहीबाही बोलायचो, आणि ते लिहायचो.

इकडे तक्त्यातले गुण सातावर गेले आणि पडद्यावरची पट्टी होती तिथंच. तक्ता खरा की मशीन, यात डॉक्टरांनी माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवला. वायरी बदलल्या, मलम बदललं, आणि शेवटी घंटी थोडी सहज वाजेल असं मशीनचं माप खाली आणलं. घंटी खणखणा वाजायला लागली. मी तिथं गप्प बसून ऐकत होतो. मी माणसाला फसवलंच होतं, आता मशीनलाही खोटं बोलायला लावलं.

मे महिन्यात डॉक्टरांनी माझ्या बायकोला पत्र टाकून बोलावलं. पोरीला आजीजवळ ठेवून ती मोरगावहून थेट बारामतीला आली. केसात गजरा होता. डॉक्टरांनी सगळे तक्ते तिच्यापुढे ठेवले. "निम्मं श्रेय त्या आबांचं," म्हणाले, आणि तारखांसकट दोन-चार ठिकाणचं वाचूनही दाखवलं. ती हसत ऐकत होती. एका तारखेला तिचं हसू थांबलं. तिनं फक्त तक्ते मागून घेतले.

एस.टी. स्टँडवर आल्यावर तिनं विचारलं, "त्या पंधरवड्यात कालवा बंद हुता न्हवं? भावाच्या रानाला पानी न्हाय म्हणून बोंब चालली हुती. मग मेंढरं काय गाळ प्यायला यायची?"

पाटकऱ्यानं चुकू नये ते मी चुकलो होतो. रोज पाण्याच्या कडेला राहून पाणी कधी नव्हतं तेच विसरलो होतो.

"कोण हायती ह्ये आबा?"

"कुनी न्हाय," मी म्हणालो.

मला वाटलं ती चिडेल. ती बाकावर बसली आणि तक्ते वाचायला लागली, पहिल्यापासून. गाड्या येत होत्या, जात होत्या. मधेच तिनं एक ओळ मोठ्यानं वाचली. "आबांना म्हणालो, पोरगी कालव्यात पानं सोडायची. आता पाण्याकडं बघवत नाही." पुढची ओळ वाचली. "आबांना म्हणालो, बायकोचा यात काही दोष नाही."

मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बोलाय येतंय की तुमाला. नसलेल्या मानसाशी बोलला, आन् मी चार महिनं तितंच समोर बसले हुते."

मोरगावची गाडी लागली. ती चढली. तक्ते तिनं बरोबर नेले. का नेले, ते मी विचारलं नाही. जूनमध्ये पोरीचं नाव मोरगावच्या शाळेत घातलं.

ती गेल्यावर पहिल्याच बाजारच्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते मशीनकडे वळले. "म्हणजे हे पहिल्यापासून खरं सांगत होतं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माप पुन्हा जिथल्या तिथं वर नेलं, माझ्या डोक्याला वायरी लावल्या, आणि वीस मिनिटांत घंटी एकदाही वाजली नाही. निघताना त्यांनी नवा तक्ता दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोजपट्टीपर्यंत चालत गेलो. पाणी खरोखर किती आहे ते वाचलं आणि वहीत लिहिलं. मग चौकीच्या पायरीवर तक्ता मांडीवर घेऊन बसलो. मनाचे गुण, दोन. शेवटच्या रकान्याशी पेन बराच वेळ अडला. आबा काय म्हणाले असते ते मला आयतं सुचत होतं. ते लिहिलं नाही. लिहिलं, 'कोणाशी नाही.'