पाच पंचांनी दिलेले चार तारे

तुमसरच्या धान्यबाजाराजवळ आमचे लॉज होते. एका रांगेत सहा खोल्या, मागे विहीर आणि सगळ्यांना मिळून एक न्हाणी. तांदूळ घ्यायला येणारे व्यापारी आणि गिरण्यांचे मिस्त्री तिथे मुक्कामाला असत. मी तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून घरात काही अडले की तो प्रश्न माझ्या सुट्टीपर्यंत राखून ठेवलेला असे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी विचारले, "का रे, हे हॉटेलाचे तारे म्हंजे काय असते? परवा नागपूरचा एक गिऱ्हाईक विचारून राहिला होता, तुमच्या लॉजले किती तारे हायेत म्हणून."

मला माहीत नव्हते. पण बाबा इतक्या भरवशाने पाहत होते की तसे म्हणायला जीभ वळेना. एक समिती हॉटेल पाहून तारे ठरवते, एवढे कधीतरी वर्तमानपत्रात वाचले होते. तेवढेच सांगितले.

"समिती म्हंजे पंचच ना?"

"हो, तसंच म्हणा," मी म्हणालो.

आमच्याकडे शेताच्या बांधाचे, म्हणजे धुऱ्याचे भांडण असो की सोयरिकीचा वाद, पंच बसले की निकाल लागतो. चौथ्या दिवशी आमच्या ओसरीवर पाच पंच बसले. दरवर्षी येणारे दोन व्यापारी, एका गिरणीचे मुकादम, शेजारचे किराणा दुकानदार आणि शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आईने चिवडा आणि चहा केला. पंचांनी काम मनावर घेतले. त्यांनी गाद्या उलटवल्या, खाटा दाबून पाहिल्या, विहिरीचे पाणी काढून चाखले.

मुकादम म्हणाले, "तीन नंबरात ढेकून हायेत. एक रात झोपलो होतो, सारी पाठ फोडली."

"तुयी पाठच तशी हाय," दुकानदार म्हणाले. "ढेकनाले बी सोडवत नाही."

शेवटी चार तारे ठरले. पाचवा, ढेकूण गेल्यावर. गुरुजींनी कागद लिहिला, पाचही जणांनी सह्या केल्या आणि बाबांनी तो देवाच्या कोनाड्यात ठेवला. पाटीवर तारे रंगवायला पेंटरला पुढच्या रविवारी यायला सांगितले.

सुट्टी संपवून मी भंडाऱ्याला गेलो, तेव्हा ते तारे माझ्या मनातून जाईनात. शुक्रवारी वाचनालयात सरकारी पर्यटन खात्याची एक पुस्तिका सापडली. त्यात ताऱ्यांचे नियम होते. खोल्या किती हव्यात हे पहिल्याच ओळीत होते, आणि आमच्या सहा तिथेच बाद झाल्या. समिती होती, पण सरकारची. पुढे प्रत्येक खोलीला न्हाणी, फोन, गालिचा, अशी यादी. मी ती दोनदा वाचली. माणसे किती चांगली आहेत, हे त्यात कुठेच नव्हते. मग हळूहळू लक्षात आले की तारे म्हणजे शाबासकी नव्हे. अनोळखी माणसाला दार उघडण्याआधीच आत काय मिळेल ते कळावे, एवढ्यासाठी ते असतात.

यादी वहीत उतरवून रविवारी सकाळी बस धरली. ते तारे पाहून कोणी जाणकार पाहुणा बाबांना हसला असता, तर ते माझ्यामुळे. आणि खरे सांगितले, तर बाबा पुन्हा मला काही विचारणार नाहीत. वाटेतले मोहाडी गेले तरी मी मनात एकच वाक्य घोळवत होतो.

पोचलो तेव्हा पेंटरने पाटीवर खडूने चार तारे आखले होते. बाबा खाली उभे राहून पाहत होते.

"बाबा, मी अर्धंच वाचून सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मंग पुरं वाच."

मी वाचू लागलो. "खोलीखोलीले न्हानी?" ते म्हणाले. "नाही आपल्याकडे. फोन बी नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "गाडीच्या टायमाले उठवून देनं, हे नाही लिहिलं?"

"नाही."

"गरम पानी?"

"आहे. पण नळातून."

"आपलं तं चुलीवरून हाय," म्हणून ते हसले. मला मोकळे वाटले.

"पुसू का मालक?" पेंटरने वरून विचारले. "का एखांदा राहू देऊ?"

"सारे पूस. आपल्याकडं जे हाय तेच लिही."

ताऱ्यांच्या जागी पेंटरने लिहिले, 'गरम पाणी मिळेल. गाडीच्या वेळेला उठवून दिले जाईल.' अक्षरे जरा तिरपी आली, पण दुरूनही वाचता येत.

पंचांचा कागद बाबांनी फाडला नाही. जेवताना म्हणाले, "तारे गेले, पन ढेकून तं खरेच हायेत. त्याले कोनतं औषध चालते रे?"

त्यांनी मलाच विचारले होते.

"माहीत नाही बाबा," मी म्हणालो. "पाहून सांगतो."

"पुरं पाहून सांगजो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आईला माझ्या ताटात भात वाढायला लावला.