लाभाचं रोप

नर्सरीत किस्से पिशवीखालच्या गांडुळासारखे, पिशवी उचलली की एखादं निघतंच. मी शाळा पाहिली नाही, पण कोळवणच्या या नर्सरीत वीस वर्षं रोपं मोजतोय.

*

आमच्यात धान्य मापताना पहिलं माप 'लाभ'. ते देवाघरचं. 'एक' त्याच्या पुढनं. वडील तसं मापायचे, मी रोपं तशीच मोजतो. गिऱ्हाइकाला एक रोप वर जातं.

मालकाच्या लेकाला, सचिनला, ते पटेना. "तात्या, दर ऑर्डरीला एक रोप फुकट. आता मोबाईल फोटोवरनं मोजंल. तुमी घरी आराम करा."

"घरी म्हातारी हाय. ती करू देती व्हय आराम?"

सचिन हसला. "बरं, एक ऑर्डर दोघं मोजू. तुमचं चुकलं, तर सोमवारपासनं येऊ नका."

*

ती ऑर्डर निघाली कासार आंबोलीच्या सरांची. गणित शिकवून रिटायर झालेले. उताराची माती धरायला वाळ्याची रोपं हवी होती, दोन हजार पाचशे वीस.

पिशव्या भरणारी सखूबाई म्हणाली, "सर, अडीच हजार घ्या की. वर वीस कशापायी?"

"रविवारी माझे जुने विद्यार्थी लावायला येणारेत. किती, ते नक्की नाही. एकापासून दहापर्यंत कितीही येवोत, या आकड्याची सगळ्यांना सारखी वाटणी होते. याहून लहान आकड्याला ते जमत नाही."

"आमच्याकडं चार भाकरी तिघांत बसत न्हाईत," सखूबाई म्हणाली.

*

मी मोजलं. लाभ, आणि वर दोन हजार पाचशे वीस.

सचिननं फोटो काढला. "मोबाईल म्हणतोय, लाभ धरून दोन हजार पाचशे वीस. तुमी एक रोप दोनदा मोजलंत, तात्या."

मला वाटलं, वय झालंय, मोजलंही असेल.

*

सखूबाईनं क्रेट भरले, एकात दहा. दोनशे बावन्न क्रेट झाले आणि तिच्या हातात एक रोप उरलं.

"एखाद्यात नऊच पडली असतील," सचिन म्हणाला.

सरांनी सगळी उतरवून नऊ-नऊच्या ओळी लावायला लावल्या. दोनशे ऐंशी ओळी. एक उरलं.

"आठाच्या लावा, साताच्या लावा, एक उरणारच," सर म्हणाले. "दोन हजार पाचशे एकवीस हट्टी आकडा आहे. एक आणि तो स्वतः सोडला, तर कशानंच भाग जात नाही."

सचिननं फोटो मोठा केला. एक पिशवी दुसरीच्या मागं लवंडली होती. मोबाईल ठेवून तो क्रेट उचलायला लागला.

*

रविवारी सात जण आले. प्रत्येकी तीनशे साठ. रिकामे क्रेट आणायला मी गेलो, तेव्हा एक बाई सरांना विचारत होती, "सर, तुमच्या वाटणीची कुठायत?"

सर घुटमळले. सगळ्यांना धरलं होतं, स्वतःलाच धरायचं राहिलं होतं. मग ते उरलेलं रोप घेऊन उकिडवे बसले.

*

सचिननं या की नको, सांगितलं नव्हतं; सोमवारी जावं का न जावं, कळेना. पाय आपसूक गेले. ताम्हिणीच्या ढाब्याची तीनशे झेंडूची ऑर्डर होती. सचिन वाफ्यापाशी उभा, मोबाईल खिशात.

त्यानं पहिलं रोप उचललं, माझ्या हातात दिलं.

"लाभ," म्हणाला.

मी दुसरं उचललं. "एक."