तेराशे पंचेचाळीस, फसली

या भूतलावर असा एकही मनुष्य जन्मास आलेला नाही, की ज्याचे विधान आमच्या साडूंनी "हे मोजलं कोणी?" असे विचारल्यावाचून मान्य केले असेल. मी स्वतः गेली पंचवीस वर्षे कचेरीच्या फाटकापाशी मेज मांडून बसणारा अर्जनवीस आहे. मोठमोठ्या हाकिमांची मने माझ्या एका 'सविनय'ने वितळलेली मी पाहिली आहेत. परंतु आमच्या साडूंपुढे माझी वाणी शाळकरी होत असे. ते नामपल्लीच्या बाजूस, नकाशांच्या एका सरकारी दफ्तरात नकाशानवीस होते. नकाशातील नद्या, रस्ते, टेकड्या ही त्यांच्या मते केवळ शोभा. खरा नकाशा समासात. कोणी मोजला, कोणत्या सनात, कोणत्या महिन्यात, मोजणीची साखळी तपासली होती की नव्हती, एक इंच म्हणजे किती, हे जिथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते तिथे ते आधी चष्मा लावून पाहत, आणि ते नसेल तर कागद पालथा घालून म्हणत, "हे चित्र आहे. भिंतीला लावा."

हाच न्याय घरातही चाले. त्यांच्या तारनाक्याच्या घरी लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असे: कैरी कोठली, मीठ कोणाच्या हातचे, बरणी कधी उघडली, आणि शेवटी 'भरवसा: मध्यम'. आमच्या मेहुणीबाई त्या 'मध्यम'वरून दोन दिवस अबोला धरून होत्या. पाहुण्यास घराचा पत्ता हवा असला की ते उत्तर दिशेसह नकाशा काढून देत. एकदा त्यात लिहिले होते, 'म्हशींचा गोठा डाव्या हातास; परंतु मालक बिल्डरशी बोलणी करीत असल्याने गोठ्यावर विसंबू नये.' ते दिवसच तसे होते. परदेशी कंपन्या येत होत्या, गोठे जात होते. माझ्या थोरलीस स्थळ आले तेव्हा मी मुलाची माहिती मोठ्या विश्वासाने साडूंना दाखवली. त्यांनी उंचीपुढे लिहिले, 'बुटांसह की बुटांवाचून?' आणि पगारापुढे, 'सांगणार: मुलाचा मामा. मामा स्वतः बेकार.' मी रागावलो. पुढे चौकशी केली तेव्हा उंची बुटांसह निघाली, आणि पगाराविषयी न बोललेलेच बरे.

मग दफ्तरात संगणक आले. जुने नकाशे गिरवून त्यात भरायचे आणि फ्लॉपीवर घालून मागेल त्या खात्यास द्यायचे, असा हुकूम निघाला. फ्लॉपीत जागा थोडी. तेव्हा समास गाळावेत असे ठरले. दर नकाशामागे दोनच गोष्टी भरायच्या, क्रमांक आणि सन. साडूंनी हरकत घेतली, ती कोणी ऐकली नाही. मग त्यांनी एक जाड वही घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेका नकाशाचा समास हाताने उतरवून ठेवू लागले. मूळ कागद गठ्ठ्यांत बांधून गोदामात जात होते. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात, हेही ते टिपून ठेवीत. सोबती चेष्टा करीत, "क्या मियाँ, जेवण टाकून पत्रावळी जमवताय?" साडू मान वर न करता म्हणत, "हौ. कोण कोण जेवलं, ते पत्रावळीवरूनच कळतं."

अशात चिक्कडपल्लीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या मेजापाशी आल्या. एकट्या, विधवा. रस्ता रुंद होत होता आणि त्यांच्या घरास नोटीस लागली होती: पंधरा दिवसांत रिकामे करा, बांधकाम बेकायदा आहे. त्यांच्याजवळ सासऱ्यांच्या नावचा बांधकामाचा परवाना होता, सन तेराशे पन्नास फसली. निजामाच्या अमलातील फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी सन येतो. म्हणजे परवाना एकोणीसशे चाळीसचा. पण नगरपालिकेने संगणकावरील नकाशा दाखवला. त्याचा सन एकोणीसशे पंचेचाळीस आणि घराच्या जागी मोकळे मैदान. पाच वर्षांनंतरही जिथे घर नाही तिथला परवाना बनावट, असा त्यांचा निष्कर्ष. बाई म्हणाल्या, "मुन्शीजी, घर गेलं तर भाड्यानं राहीन. पण सासऱ्यांना दगाबाज म्हणतात हो!"

मी तीन अर्ज लिहिले. तिसऱ्यात तर माझ्या आजवरच्या लेखनाचा अर्क होता. तिन्ही परत आले. चार दिवस उरले, तेव्हा मी बाईंना घेऊन साडूंकडे गेलो. त्यांनी नोटीस वाचली, नकाशाचा क्रमांक पाहिला, वही उघडली आणि बोट ठेवून वाचले: "तेराशे पंचेचाळीस फसली. महिना खुरदाद. हवा साफ. साखळी दोनदा तपासली." मी बोटांवर हिशेब केला. तो नकाशा एकोणीसशे पस्तीसचा होता. घर बांधले गेले त्याच्याही पाच वर्षे आधीचा! मैदान मोकळे दिसणारच.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडूंच्या दफ्तरात गेलो. सन भरणाऱ्या बाई टाइपरायटरवरून संगणकावर आलेल्या, तेलुगू मुलखाच्या, कपाळास हात लावून म्हणाल्या, "अय्यो! सार, तेरासौ कंप्यूटर लेताईच नै. मैं समझी लिखनेवाले की गलती. तीन का नौ कर दी. येम् चेय्याली, अब क्या करना?" वहीत लिहिलेल्या गठ्ठ्यातून मूळ कागद निघाला. तो आणि शिक्षिकाबाईंना घेऊन आम्ही नगरपालिकेच्या साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब कागद पाहून म्हणाले, "एका अंकाचा तर फरक आहे." साडू म्हणाले, "हौ साहब. मगर बाई उसीच अंक में रैते."

साहेब हसले नाहीत. पण नोटीस त्यांनी रद्द केली.

बाईंनी आम्हा दोघांस फराळास बोलावले. साडू आले ते मोजणीची फीत घेऊन. घराकडे पाहत म्हणाले, "कागदावर हे घर अजून बांधलेलंच नाही." मग पोहे निवत ठेवून त्यांनी सारे घर मोजले, उन्हात फितीचे दुसरे टोक मी धरले. नवा कागद काढून झाल्यावर त्यांनी समास लिहिला: सन दोन्ही रीतींनी, महिना, मोजणार म्हणून स्वतःचे नाव, आणि खाली, 'फीत धरणार' म्हणून माझे.

"माझं कशाला? मी नुसतं टोक धरलं," मी म्हणालो.

"टोक हललं असतं तर भिंत चुकली असती, मुन्शीजी."

तो कागद त्यांनी रीतसर दफ्तरात दाखल केला. साडूंना जाऊन आता काही वर्षे झाली. मी जन्मभर लिहिले, ते खाली दुसऱ्यांच्या सहीसाठी जागा सोडून. त्या एका कागदावर तेवढे माझे नाव आहे. तोही पुढे संगणकात गेला असेल. समासासह गेला की समासावाचून, ते मला ठाऊक नाही. नामपल्लीस काम निघाले की मी त्या दफ्तराच्या दारापर्यंत जातो, थोडा वेळ उभा राहतो, आणि आत न विचारता परत येतो.