धक्क्याच्या पुढे

९ मे. कोकमं फोडून बिया काढायला बसले होते. हात कोपरापर्यंत लाल. तेवढ्यात शेजारचे दत्तूकाका आणि काकी टूरवाल्याचा कागद घेऊन आले. दुबईतला मुलगा आईबापांना भूमध्य समुद्राची क्रूझ घडवणार होता. फेरी इटलीची की ग्रीसची, ते उद्या सकाळपर्यंत कळवायचं होतं. गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडेच येतात.

दत्तूकाका एकोणतीस वर्षं मालवाहू बोटीवर कूक होते. गाव ओळखायची त्यांची रीत वेगळी. "मार्सेलिसच्या लसणीला तोड नाय. जिनोव्हाचा कांदा रडवीत नाय." लग्नाहून आले की नवरी कशी होती ते सांगत नसत, आमटीत गूळ किती पडला ते सांगत. माझं ऑफिस मिरजोळ्याला. एकदा डबा द्यायला आले आणि निकाल देऊन गेले, "चहा पांचट. नोकरी बदल."

काकींना इटली हवी होती. जिनोव्हाचं मोठं चर्च, नेपल्सचा किल्ला, सगळं काकांच्या तोंडून ऐकलेलं. काका मात्र ग्रीसवर अडून बसले.

"बघितलेलं परत काय बघायचं?"

"तुम्ही बघितलंत. मी बघितलंय?"

काकी माझ्याच स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या. काकांनी खुर्ची जवळ ओढली.

"सुनंदा, ग्रीसवर खूण कर गो. मी धक्क्याच्या पुढं कधी गेलोच नाय. बाकीचे शहरात जायचे, मी बोटीवर भाजी चढवून घ्यायचो. चर्च नि किल्ले त्यांनी सांगितलेले. उद्या ही विचारील, कुठाय तुमचा किल्ला, तर काय दाखवू?"

"मग आजच सांगून टाका."

"चाळीस वर्षं फुशारकी मारल्यावर?"

काकी कप घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुमची सगळी पत्रं ट्रंकेत आहेत. चर्चबद्दल एक ओळ, कांद्याबद्दल दोन पानं. बघून आलेला माणूस असं लिहितो होय?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"सांगत छान होतात."

काका बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "हरवलो तर?"

"दोघं हरवू. धक्क्यावर तरी तुम्ही मला आणाल ना?"

"डोळे मिटून," काका म्हणाले, आणि चहात आलं कमी असल्याचं सांगितलं. मी इटलीवर खूण केली. कागदावर कोकमाचा लाल अंगठा उमटला, तो तसाच राहू दिला.

१० मे. सकाळी कागद पोचवला आणि दोघांना बाजारात चालायचे बूट घ्यायला नेलं. काका दुकानात तीन फेऱ्या मारून आले आणि मला म्हणाले, "अर्धा नंबर मोठा घेऊ. लांब चालायचंय."