मेणतेलाचा कोट

एका जागी बसवत नाही, हे माझं जुनं दुखणं. अजूनही पावसाची झड लागली की मी या खिडकीतून त्या खिडकीत हेलपाटे घालते आणि भाची ओरडते, "अगं आत्या, बस की जरा! पायाला भिंगरी लागलीय का?" तिला काय सांगायचं! बसून राहणं म्हणजे काय असतं ते मी नवरा गेल्यावर पुरतं भोगलंय. विषमज्वरानं तो गेला तेव्हा मी विशीचीही नव्हते. माझ्या वडिलांनी सासरच्यांशी भांडून मला पुण्याला सुइणीचं शिकायला पाठवलं आणि परत नाशकात आले ती सरकारी दवाखान्यातली नोकरी घेऊनच. तीस सालानंतरची ही गोष्ट.

राहायचं मात्र सासरीच, पंचवटीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तीर्थोपाध्याय. यात्रेकरू यजमान आमच्याच माडीवर उतरायचे, त्यामुळे घरात सोवळं कडक. मामंजींनी नोकरीला हो म्हटलं ते एका अटीवर. बाळंतिणीकडून आले की मागल्या दारी थांबायचं, तिथेच अंघोळ, आणि अंगावर असेल ते सगळं कढत पाण्यात भिजवून, साबण लावून, आपटून धुवायचं. मग घरात पाऊल. मी मान हलवली. लुगडं धुवायला माझं काय जात होतं?

पण पावसाळा आला आणि कोट आला. बोलावणी खेड्यापाड्यातूनही यायची, तीही नेमकी मुसळधार पावसात. छत्री टांग्यात काय कामाची! म्हणून देवळालीच्या छावणीजवळ जुनं सामान विकणाऱ्या एका मुसलमान दुकानदाराकडून मी कोट घेतला. कुणा गोऱ्या शिपायाचा असावा. जाड सुती कापड, त्यावर तेल आणि मेण चढवलेलं, मागे टोपी शिवलेली. माझ्या घोट्यापर्यंत यायचा. गल्लीतली कार्टी "फौजदार आला, पळा!" म्हणून ओरडायची. दुकानदारानं बजावलं होतं, "बाई, इसको गरम पानी नहीं मंगता. सोडा नहीं, साबून नहीं. ठंडा पानी मारो, ब्रश मारो, बस." मी त्याला हसून हो म्हटलं आणि घरी येऊन पहिल्याच फेरीनंतर तो कोट कढत पाण्यात बुडवला. दुसरं करणार काय? मामंजी मागल्या दारी पाटावर बसून बघत होते.

दोन धुण्यांत त्याचं तेल उतरलं. खांद्यांतून पाणी आत यायला लागलं, मग पाठीतून. त्या पावसाळ्यात मी दोनदा अंथरूण धरलं. दुसऱ्या वेळी छातीत कफ असा दाटला की सासूबाईंनी माझ्या उशाशी देव पाण्यात ठेवले. बरी झाले तेव्हा मामंजी शांतपणे म्हणाले, "आता पुन्हा आजारी पडलीस तर नोकरी बंद. तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?" वाईट माणूस नव्हता हो तो. म्हणून तर मला भांडताही येईना. पण नोकरी बंद म्हणजे पुन्हा स्वयंपाकघर आणि माजघर, माजघर आणि स्वयंपाकघर. 

पुढच्या पावसाळ्यात मी प्रत्येक धुण्यानंतर कोटाला पुन्हा तेल द्यायचा सपाटा लावला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं धरून मेण वितळवायचं, त्यात जवसाचं तेल घालायचं आणि कोमट असतानाच फडक्यानं चोळायचं. शिवणींवर जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. हे जमलं, पण वाळणार कसं? श्रावणात ऊन डोकावायचं आणि जायचं. कोट मागच्या पडवीत टांगलेला, चिकट तो चिकटच. मी घरात येरझारा घालायची आणि दर थोड्या वेळानं जाऊन बोट लावून बघायची. सासूबाई वैतागायच्या. "किती वेळा बोट लावशील? बोटानं वाळतं का ते? जरा स्वस्थ बस, नाहीतर हे तांदूळ निवड." मी तांदूळ निवडायला घ्यायची आणि खड्यांबरोबर तांदूळच फेकायची.

अशाच एका सकाळी दाराशी टांगा थांबला. गिरणारे गावचा माणूस होता, नखशिखांत भिजलेला. "बाई, चला बिगीबिगी. लय पाऊस हाय, पन चला. पोर आडवं हाय." मी पडवीत गेले. कोटाला बोट लावलं. बोट चिकटलं. म्हटलं, मरो! तसाच अंगावर चढवला आणि निघाले.

तिथलं सांगत बसत नाही. पोर फिरवता आलं, रडलं, आईही वाचली, एवढं पुरे. येताना पाऊस असा की टांगेवाल्याला घोड्याचे कान दिसत नव्हते. पण त्या चिकट कोटाच्या आत मी कोरडी होते! हात घालून घालून मी पदर चाचपत होते. इतका आनंद मला परीक्षा पास झाले तेव्हासुद्धा झाला नव्हता. आणि मग पंचवटी जवळ यायला लागली तशी माझ्या डोळ्यांपुढे ते कढत पाणी यायला लागलं. धुतला की गेलं सगळं. पुन्हा तेल, पुन्हा वाट, पुन्हा बोट लावून बघणं.

दुपार कलली होती. मागल्या दारी मामंजी पाटावर, बंब धडधडत पेटलेला, सासूबाई बादली घेऊन उभ्या.

"कोट काढ आणि घाल पाण्यात," मामंजी म्हणाले.

"नाही घालणार."

हे मीच बोलले, हे मला जरा उशिरानं कळलं. मामंजींनी डोळे वर केले. "मग घरात पाऊल नाही."

"नाही तर नाही. इथेच उभी राहते. कोट आहे अंगावर, भिजणार नाही!" जीभ काही थांबेना. "आभाळ फाटून पाणी पडलंय यावर, मामंजी. अजून किती धुवायचा?"

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्या विहिरीकडे गेल्या, गार पाण्याची दुसरी बादली ओढली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "टोपी घे डोक्यावर. बटणं लाव, गळ्यापर्यंत." मी लावली. मग नद्यांची नावं घेत घेत त्यांनी अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली.

"झालं," त्या म्हणाल्या. "कपड्यांसकट स्नान झालं. सचैल. शास्त्रात आहे ना हो?"

मामंजी थक्क झाले. "सचैल? अगं, अंगाला थेंब तरी लागला का तिच्या?"

"दाखव गं."

मी वरची बटणं काढून पदर बाहेर ओढला. कोरडा ठणठणीत.

"हेच म्हणतोय मी!" मामंजी म्हणाले. "पाणी आत गेलंच नाही!"

"पाणी गेलं नाही ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग विटाळ तरी आत कसा गेला असेल हो?"

 मला हसू फुटणार होतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून ते जागीच विरलं. त्या हसत नव्हत्या. "माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी पाऊसच होता," त्या म्हणाल्या. "सुईण पलीकडच्या तीरावर. पाऊस आहे, येत नाही म्हणाली. दोघी गेल्या. तुम्ही विसरला असाल."

त्या मुलींबद्दल त्या घरात मी त्याआधी एक अक्षर ऐकलं नव्हतं.  मामंजी उठले, पाट भिंतीला लावला आणि आत जाता जाता म्हणाले, "तिला न्हायला पाणी दे. आणि तो कोट पडवीतच राहू दे, यजमानांना दिसायला नको." पुन्हा कधी ते मागल्या दारी येऊन बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत गेले तर सासूबाई कोट मांडीवर पसरून बसलेल्या. आजवर त्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. बगलेतल्या शिवणीत बोटानं तेल जिरवत होत्या. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता म्हणाल्या, "इथं राहिलं होतं तुझं. बोलावणं येईल आता एखादं."