निळ्या शाईखालचे चेहरे

टोकियोशेजारच्या उरायासुतल्या आमच्या इमारतीत बाकी काहीही खपतं, कचऱ्यातली चूक खपत नाही. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी प्लास्टिकच्या बाटल्या झाकणांसकट टाकल्या, आणि संध्याकाळी शेजारच्या बाई तीच पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या. रागावल्या नाहीत. माझ्या ओट्यापाशी उभं राहून त्यांनी एकेक झाकण काढून दाखवलं आणि जपानीत म्हणाल्या की त्याही मूळच्या इथल्या नाहीत, चीनच्या आहेत, आणि हे शिकायला त्यांना दोन वर्षं लागली होती. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणते.

काकू सत्तरीच्या पुढच्या आणि एकट्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका बुटक्या कपाटावर त्यांच्या वडलांचा मोठा फोटो होता. रोज सकाळी त्या तिथे चहाचे दोन पेले ठेवत, एक फोटोपुढे आणि दुसरा शेजारच्या रिकाम्या भिंतीपुढे. दुसरा पेला आईचा होता, पण आईचा फोटोच नव्हता. पहिल्यांदा तो भिंतीपुढचा वाफाळता चहा पाहिला तेव्हा मला कसंसंच झालं.

वडलांविषयी मात्र काकू भरभरून बोलत. सोळाव्या वर्षी घर सोडून ते डोंगरातल्या क्रांतिकारकांना जाऊन मिळाले. क्रांती जिंकल्यावर अधिकारी म्हणून आपल्याच गावी परतले, तिथला बाजार बंद केला आणि व्यापाऱ्यांच्या तराजूच्या दांड्या गुडघ्यावर घेऊन मोडल्या. मग सांस्कृतिक क्रांती आली आणि त्यांच्यावरच उलटली. कित्येक वर्षं त्यांनी डुकरांचे कोंडवाडे साफ केले. परत आले ते मोठ्या पदावर, आणि शेतकऱ्याने आपला भाजीपाला स्वतः ठरवलेल्या किमतीला विकावा म्हणून तोच बाजार त्यांनी पुन्हा उघडला. जपानी कारखाने आपल्या प्रांतात नेले. त्यासाठी टोकियोला आले तेव्हा स्टेशनवर जेवणाच्या डब्यांच्या दुकानापुढे बराच वेळ उभे राहिले आणि विचारलं, हे भाव ठरवतं कोण? सरकारातलं कोणी नाही, असं उत्तर मिळाल्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले म्हणे.

आता माझ्या खोडीविषयी सांगायला हवं. जुनी चित्रं आणि कागद इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली तपासणं हे टोकियोत माझं काम आहे, त्यामुळे कुणाच्या घरी गेले तरी नजर भिंतीवरच जाते. त्या फोटोत काहीतरी बिनसलेलं होतं. कॉलरची सावली डावीकडे पडली होती आणि नाकाची उजवीकडे. डोळ्यांत उजेडाचा ठिपका नव्हता. माणूस हसत होता, पण ते हसू त्याच्या मानेला जणू माहीतच नव्हतं. मी खुर्ची बदलून त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले. तरी पाठीला तो जाणवायचाच.

गेल्या शरदात एकदा काकूंनी पाकिटातून मूळ फोटो काढून माझ्या हातावर ठेवला. घरातला मोठा फोटो यातूनच वाढवून घेतलेला. चार माणसं एका भिंतीपाशी उभी होती, आणि चेहरा फक्त वडलांनाच होता. बाकी तिघांच्या गळ्याच्या वर गडद निळ्या शाईचे गोळे. दोघं वडलांचे मित्र आणि मधली आई. काकू तीन वर्षांच्या असताना आईला पक्षाची शत्रू ठरवून दूरच्या शेतावर मजुरीला धाडलं, आणि ती परतली नाही. ज्याच्यावर ठपका येईल त्याचा चेहरा घरातल्या फोटोतूनही जायचा, असा तेव्हाचा रिवाज होता. वडलांनी स्वतःच्या फाउंटन पेनने तो पाळला. आईचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

“तुमच्या यंत्राला शाईखालचं दिसतं ना?” काकूंनी विचारलं. “मला फक्त आईचा चेहरा हवा आहे. एवढं आयुष्य गेलं, मला तो आठवतही नाही.”

घरी येऊन मी नवऱ्यापुढे तोफ डागली. बायकोचं तोंड स्वतःच्या हाताने काळं केलं, तेही अक्षरशः, आणि त्या माणसाला ही बाई रोज सकाळी चहा देते! तोयोसुच्या ऑफिसातून दमून आलेला नवरा म्हणाला, तू फोटो काढून दे, न्यायनिवाडा करू नकोस. मला त्याचा रागच आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड आहे आणि पुण्यात ती खोड समजत नाहीत.

साहेबांची परवानगी काढून एका शनिवारी दुपारी मी काकूंना प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी पाकिटातून फोटो काढला तेव्हा वडलांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या कागदाचा एक तुकडा होता, बारीक चिमट्याने अडकवलेला. उजेडाने खराब होऊ नये म्हणून असेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, हा काढावा लागेल. आमच्याकडे नियमच आहे, वस्तूचा एक भाग कधी टिपायचा नाही, आधी सबंध वस्तू टिपायची.

“ते जरा…” काकू म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, उगाच तुम्हाला त्रास.

बारा वर्षं जपानात काढल्यावर मला कळायला हवं होतं. इथे अर्धवट सोडलेलं वाक्य म्हणजे स्पष्ट नकार असतो. ऑफिसात हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण त्या दिवशी माझ्यातली पुणेकरीण पुढे सरसावली. त्रास कसला त्यात, म्हणत मी चिमटा काढला आणि कागदाचा तुकडा काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत धरला.

मी दिवे मालवले. पेनच्या शाईचा रंग इन्फ्रारेडमध्ये दिसत नाही, फोटोतली चांदी मात्र दिसते. स्क्रीनवरचे निळे गोळे आधी राखाडी झाले, मग धुकं ओसरावं तसे विरले. दोन मित्र वर आले, एकाला चष्मा होता. मग आई आली. पंचविशीची, मान थोडी वळवलेली, हसणारी, एका दातावर चढलेला दुसरा दात. अंधारात काकूंचं बोट स्वतःच्या दाताकडे गेलेलं मला दिसलं. त्या रडल्या नाहीत.

आणि मग मी चौथ्या माणसाकडे पाहिलं. कॉलर होती, कान होते. मधे चेहरा नव्हता. तिथे पांढरे ओरखडे होते, उभे, आडवे, एकावर एक, कागदाच्या गाभ्यापर्यंत गेलेले.

मी दिवा लावला. टेबलावरच्या फोटोत तो माणूस होता, हसत होता. दिवा बंद केला, स्क्रीनवर नव्हता. तीनदा करून पाहिलं. ज्यांना पुसलं होतं ते तिघं आमच्याकडे आले होते आणि जो उरला होता तो नाहीसा झाला होता. नेहमीप्रमाणे माझं तोंड सुटलं. मी म्हणाले, “हा चेहरा रंगाने काढलेला आहे, म्हणून शाईसारखा विरला. खालचा कुणीतरी खरवडून टाकलाय.”



“कर्कटकाच्या टोकाने,” काकू म्हणाल्या. “वडलांवर ठपका आला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. वर्गापुढे उभं राहून केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. वडील सुटून येणार असं कळल्यावर त्या धावत एका स्टुडिओत गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या चित्रकाराने वर्तमानपत्रातला फोटो समोर ठेवून चेहरा रंगवून दिला. वडलांनी घरी आल्यावर तो हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, चांगला आलाय. त्यांनी कधी विचारलं नाही. आईच्या चेहऱ्याविषयी काकूंनीही कधी विचारलं नाही. त्यानंतर काकू जपानला येईपर्यंत दोघं रोज एका टेबलावर समोरासमोर जेवत होते. मोठा फोटो त्यांनी वडील गेल्यावर करून घेतला, कारण त्यांचा घरचा असा तेवढाच होता.

मला माझ्या त्या तोफेची लाज वाटली. मी विचारलं, साधा की इन्फ्रारेडमधला, कोणता फोटो छापून देऊ. त्या स्क्रीनजवळ सरकल्या.

“आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये,” त्या म्हणाल्या. “कुणाकडे बघतेय ती?”

मला ते केव्हाच दिसलं होतं. मान कुठे वळली होती, ते हसू कुणासाठी होतं, यात शंकेला जागा नव्हती. आयुष्यभर जे दिसेल ते बोलून मोकळी होणारी मी, तेव्हा जीभ उचलेना.

“ते जरा…” मी म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

काकूंनी मान हलवली. मूठ उघडून त्यांनी तो चुरगळलेला कागद सरळ केला आणि स्क्रीनवर त्या ओरखड्यांवर दाबून धरला. आई तरीही तिकडेच बघून हसत होती.