शेंदूर लावलेला दांडा

धुळ्याच्या एका मिस्त्रीने जळगावच्या मोटारमालकाला फसवले आणि त्यापायी कोठडीत बसला मोटारीचा ड्रायव्हर. ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

लढाईचे दिवस होते. मोटारीचे सामान मिळत नसे. एरंडोलजवळ उतारूंची सर्व्हिस मोटार उलटून एक बाई दगावली. स्टिअरिंगचा दांडा तुटला होता. मालक ठाण्यावर येऊन म्हणाला, "दांडा महिन्यापूर्वीच, दसरा झाल्यावर, धुळ्याच्या मिस्त्रीकडून नवा टाकून घेतलाय. ड्रायव्हरने बेफाम हाकली, तुटणारच." त्याच्या फिर्यादीवरून मी ड्रायव्हरला अटक केली. वयस्कर माणूस, सगळे त्याला आबा म्हणत. जबाबात तो एकच बोलला, "साहेब, खंडेनवमीले मी त्या दांडाले शेंदूर लायेल शे. नवा व्हई ते शेंदूर नही सापडाव."

शिपाई हसले. मी तुटलेला दांडा पंचांसमोर खरवडला. चिखल आणि ग्रीस निघाले, अन् मागच्या बाजूला केशरी शेंदूर दिसला. दसरा होऊन गेल्यावर टाकलेल्या नव्या दांड्याला खंडेनवमीचा शेंदूर कुठून लागणार?

धुळ्याला गेलो. मिस्त्रीच्या दारात तीन साहेबांच्या मोटारी उभ्या होत्या. मालकाने मिस्त्री निवडला होता तो याच थाटावर.

"एरंडोलजवळ उलटलेल्या मोटारीचा तू काढलेला जुना दांडा दाखव."

"हा घ्या. काढलेला माल दाखवल्याशिवाय मी गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाही." मग तो हसला. "साहेब, तुम्ही चोर ओळखा, मोटार आम्ही ओळखतो."

माझे डोके फिरले. पण मी शिपाई म्हणून भरती होऊन फौजदार झालेला माणूस. राग कधी गिळायचा ते मला कळते. त्याच्याच पटाशीने त्याचा दांडा खरवडला. शेंदराचा ठिपकासुद्धा नाही. मग पिशवीतून तुटलेला काढून शेजारी ठेवला.

"आता ओळख. आबाच्या मोटारीचा यातला कोणता?"

त्याने तुटलेल्या दांड्यावरचा शेंदूर बोटाने पुसून पाहिला. मग खाली बसला. "माल आला नव्हता साहेब. नाही म्हटलं असतं तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं. म्हणून जुनाच ठेवला. काढलेला म्हणून हाच भंगार दांडा सगळ्यांना दाखवायचो."

आबा सुटला. मिस्त्रीला शिक्षा झाली.

मी भरताची वांगी घेतानासुद्धा देठ उलटून पाहतो, मग भाव करतो. मिस्त्री तसाच पारखावा. दारातल्या मोटारी मोजू नयेत. आपल्या मोटारीवरून जुना भाग आपल्यादेखत उतरवायला सांगावा. जो कटकट करील, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पण एक गोष्ट अजून सलते. अपघाताच्या आधल्या आठवड्यात सरकारी तपासनिसाने ती मोटार ठीक असल्याचा दाखला दिला होता. त्याचा जबाब घ्यावा म्हणून मी दोनदा लिहिले. "जरूर नाही" असे वरून उत्तर आले. तो गृहस्थ आज सुखाने पेन्शन खातो आहे. सही करण्यापूर्वी तो मोटारीखाली वाकला होता का? मला सांगू नका. त्या बाईच्या घरी जाऊन सांगा.